ठराव झाल्यावर

२६ नोव्हेंबर
जुन्नरला जाऊन अर्ज भरला. सरपंचपद, या वेळी बाईसाठी राखीव. तहसीलच्या पायऱ्यांवरच ह्यांनी पेढ्यांचा पुडा काढला. मी हात धरला. म्हटलं, अजून छाननी व्हायची आहे, बाजारात तुरी.
येताना एसटीत मंदा शेजारी. माझी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, कुणाच्या हातात द्यायला तयार नाही. "भाषण तुझं, बाया माज्या," म्हणाली. जमवील. मळ्याच्या वस्तीवर तिचा शब्द चालतो. आण्णांना नेमकं तेच बोचणार. गाव इतकी वर्षं खिशात घालून फिरले, आता बाई हवी म्हटल्यावर सुनेला उभं केलंय. सूनबाईंचा आवाज अजून कुणी ऐकलेला नाही.

३० नोव्हेंबर
देवळासमोर पहिली सभा. घसा बसला, पण बोलले.
टोमॅटोखाली अंथरलेला मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद नदीकाठी जाळायचा नाही. अंगणवाडीला नळ. उपकेंद्रात नर्स रोज, नुसती आठवडेबाजारापुरती नको. आणि विधवेनं कुंकू लावायचं की नाही ते तिचं तिनं ठरवायचं, तसा ग्रा.पं.चा ठराव करायचा.
पहिल्याच मुद्द्याला टोमॅटोवाले उठून गेले. (घरी आल्यावर कळलं, ह्यांनीही मागच्या आठवड्यात आपल्याच बांधावर कागद पेटवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान. जेवण होईपर्यंत बोलले नाही.)
शेवटच्या मुद्द्याला मात्र कुणी हललं नाही. सगळ्या बायका मंदाकडं बघायला लागल्या. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. ती जमिनीकडं बघत राहिली.
वाटेत हळूच, "खरंच लावशील का गं मला?"
म्हटलं, ठराव झाल्यावर पहिलं बोट तुझ्या कपाळाला. सगळ्या गावादेखत.
"आन् तवर?"
तवर काय, थोडी कळ काढ. हसली.

४ डिसेंबर
चिन्ह छत्री. मागितली होती कपबशी. सासूबाई म्हणाल्या, "भर थंडीत छत्री कोन उघडतंय?" मंदानं घरातली मोडकी छत्री काढून काडी बांधली आणि उघडी धरून वस्तीभर फिरली. लोक हसले, पण चिन्ह पाठ झालं.

९ डिसेंबर
आण्णांचं पत्रक आलं. दोनदा वाचलं. नळ, नर्स, नदी, सगळं माझंच, फक्त फोटो त्यांचा. खाली 'विधवा भगिनींचा सन्मान'. ज्या घरात विधवा धाकट्या भावजयीला पंगतीत बसू देत नाहीत, ते सन्मान करणार!
मंदा म्हणाली, "त्यांनी लिवलं तर लिवू दे. करनार तर तूच ना?"

१३ डिसेंबर
दारोदार. पायाला फोड. आमच्या पॅनलच्या सुमनताई हट्टाला पेटल्या, "वैशाली, नुसतं हो हो म्हनत्यात बाया. बेलभंडारा उचलून घे, मग फुटायच्या न्हाईत." म्हणजे बेलाचं पान हातात द्यायचं, खंडोबाचा भंडारा लावायचा आणि मत देईन म्हणून शपथ घालायची. मग फितूर होणाऱ्याचं देव बघून घेतो.
मी साफ नाही म्हटलं. देवाला एजंट म्हणून बसवायचं नाही मला. शब्द पुरे आहे.
मंदा तिथंच होती. म्हणाली, "माजा शब्द हाय." सुमनताईंनी पुढचं दार वाजवलं. मला तिचा किती अभिमान वाटला ते लिहून ठेवते.

२० डिसेंबर
उद्या मतदान. प्रचार बंद. संध्याकाळी मंदाकडं गेले, घराला कडी. शेजारची म्हणाली, आण्णांच्या मालकिणीनं, माईंनी, समद्या बायांना खंडोबाच्या देवळात बोलावलंय, परसाद हाय. गेली असेल. प्रसादाला नाही कोण म्हणतं.
तरी जेवण गेलं नाही.

२१ डिसेंबर
शाळेत रांग. मंदा आली ती वस्तीच्या बायांच्या मधोमध. डोक्यावर पदर, थेट भुवयांपर्यंत. ती कधी असा पदर घेत नाही. मी लांबूनच हात केला, तिनं बघितलं नाही. आत जाताना चौकटीला पदर अडकून मागं सरला.
कपाळ पिवळं. भरगच्च, आडवा पट्टा. भंडारा.
रांगेतल्या एका म्हातारीनं माझ्याकडं बघून जीभ चावली. तेव्हाच कळलं. पण दिवसभर खुर्चीत बसून हसत राहावं लागलं. उमेदवार ना मी.

२२ डिसेंबर
पडले. थोडक्यात. मळ्याच्या वस्तीचं मशीन उघडेपर्यंत पुढं होते. त्या एका मशीननं घालवलं.
गुलाल आमच्या दारावरून गेला. ह्यांनी दार लावून घेतलं. एवढे दिवस "तुझी हौस" म्हणणारा माणूस मोरीत जाऊन रडून आला. तोंड धुऊन आलो म्हणे.

२४ डिसेंबर
मंदा आली. घरात घेतलं नाही, अंगणातच बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. केसानं गळा कापलास म्हटलं. वस्ती विकलीस म्हटलं. तिनं काही घेतलेलं नाही हे मला माहीत आहे, तरी म्हटलं.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मग, "परसादाला म्हनून गेले. माईनं पुढं वढलं, समद्यांच्या म्होरं कपाळाला भंडारा लावला. लावल्यावर पान हातात दिलं. मंग बाकीच्यांनी माजं बघून उचललं."
पान टाकून द्यायचं होतंस!
"देवाचं पान व्हतं वैशू. तुला नुसता शब्द दिला व्हता."
शब्द नुसता असतो का गं? असं विचारलं. त्यावर खाली बघून म्हणाली, "सा वर्सं माज्या कपाळाला कुनाचं बोट लागलं न्हाई. तू म्हनलीस, ठरावानंतर."
मी म्हटलं, चालती हो.
गेली. फाटक लावून गेली, नीट.

२५ डिसेंबर
राग उतरत नाही. माझ्यावरच उलटवलं तिनं. म्हणे तू म्हणलीस. मी तिच्यासाठी सगळ्या गावाशी वाकडं घेतलं, आणि ही

२ जानेवारी
नदीकाठी धूर. मल्चिंगचा ढीग पेटलाय, अंगणवाडीतली पोरं खोकतायत. सरपंचबाईंच्या कारकिर्दीचा श्रीगणेशा. ह्यांनी मात्र आपला कागद गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर ठेवलाय, मला न सांगता. गावात तेवढं एक मत नक्की माझं.

१४ जानेवारी
संक्रांत. आण्णांच्या वाड्यावर माईंचं हळदीकुंकू, सगळ्या गावाला बोलावणं. मंदाला नाही. सुमनताई सांगत आल्या, कुणीतरी माईंना विचारलं म्हणे, तर माई म्हणाल्या, "भंडारा देवाचा. कुकू सवाष्णीचं. दोन्ही एक व्हय?"
सुमनताई हसून हसून बेजार, "बरी जिरली."
मीही हसले. मग हसू कडू झालं. हातात पान द्यायला कपाळ चाललं, वाण द्यायला नाही.

१६ जानेवारी
आपलं हळदीकुंकू परवा. बोलावणी करून आले. मळ्याच्या वस्तीवर गेले नाही. सासूबाईंनी विचारलं, मंदाला? नाही म्हटलं. तिनं जे केलं त्यानंतर तिला कुंकू लावायचं म्हणजे माझ्या कपाळावर 'मूर्ख' लिहून लोकांना वाचायला द्यायचं.
"मंग सभेत बोल्ली ते काय मतासाठी बोल्ली व्हय?" सासूबाई. त्यांना पायाचं दिसत नाही, पण नको तिथं बरोबर दिसतं.
मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

१८ जानेवारी
चारला बायका येतील. आत्ता तीन वाजून गेले असतील. मंदा येऊन बसली आहे.
न बोलावता. आत आली नाही, ओट्याच्या खालच्या पायरीवर. कपाळ कोरं. मी दारात गेले तर उठली नाही, बघितलंही नाही. म्हणाली, "मागायला न्हाई आले. तीळ निवडायचे असले तर दे. बाया आल्या की जाते."
सूप नेऊन दिलं. बोलायचं होतं ते सगळं त्या दिवशी बोलून बसले. आत येऊन ही वही उघडली, कामात आहे असं दिसावं म्हणून.
राग आहे अजून. खूप आहे. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर एव्हाना विसरलेही असते.
खिडकीतून तिची पाठ दिसते. सूप पाखडतेय. सुमनताई आणि दोघी-तिघी फाटकाशी आल्या, तिला बघून तिथंच थबकल्या. आता सगळ्या माझ्याकडं बघणार.
करंडा पाटावर काढून ठेवलाय. सासूबाई ताटात वाण मांडतायत. आतूनच ओरडून विचारतात, मंदाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं:
"किती जनींचं काढू गं? तिला धरून का सोडून?"