तिनिश तुझा आवाज ओळखते

प्रिय मादियार,

उद्या तुझी जीप तिनिशला न्यायला येईल. तिची गोधडी, पट्टा आणि तिला आवडतं ते घोड्याचं वाळवलेलं मांस मी पिशवीत भरून ठेवलं आहे. परवा बातेस आपाचा, तुझ्या आईचा, फोन आला होता. "एकुलता एक भाचा आहे तुझा, मन मोठं कर," म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. मग बराच वेळ ती बाउर्साक तळायच्या पिठाबद्दलच बोलत राहिली. माझं हो इतक्या सहज येईल असं तिलाही वाटलं नसावं.

भाच्याने आजोळी तीनदा मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणूनच ते मोडताही येत नाही. पहिल्यांदा तू चांदीचं खोगीर मागितलंस, तेव्हा तुझे पाय रिकिबीपर्यंत पोचत नव्हते आणि सगळं घर कौतुकाने हसलं होतं. मग आजोबांची दुर्बीण. मग माझी शिकारी कुत्री अक्कूस. आता तुझं म्हणणं असं, की खोगीर आजोबांनी आपणहून दिलं होतं, ते धरायचं नाही, म्हणजे एक मागणं अजून उरलं. "मामा, तू कॉलेजात शिकवतोस, तीनपर्यंत तरी मोजता येत असेल," हा तुझा आवाजी निरोप मी फोनवर पुन्हा पुन्हा ऐकला आहे. कशासाठी, ते पुढे येईल.

तिनिश अक्कूसची नात. गेल्या हिवाळ्यात आणली तेव्हा माझ्या फरच्या टोपीत मावत होती. फेझंट पक्ष्याचा एक पंख दोरीला बांधून ती दोरी काठीला अडकवायची आणि अंगणात फिरवायची, सुरुवात तिथून होते. पिल्लू झडप घालतं, पंख उडतो. पुन्हा झडप, पुन्हा तेच. मग एका सकाळी त्याला उमगतं की धावून काही हाती लागत नाही, आणि ते थिजतं. एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक पंखाकडे. त्या क्षणी मला दरवेळी भरून येतं. माझ्या वयाच्या माणसाला हे शोभतं का, ते ठाऊक नाही. बंदुकीच्या बाराची भीती जावी म्हणून ती जेवत असताना मी किटलीचं झाकण आपटत असे, आधी परसातून, मग जवळून. पुढे नदीकाठच्या बोरूच्या बनात लांब दोरीवर. तिथला धडा सर्वांत अवघड असतो: पक्षी समोर दडलेला आहे, वास नाकात भरला आहे, तरी मालकाचा हात खांद्याला लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. अक्कूसला तो धडा पक्का येत होता.

अक्कूसला नेलंस त्याच शरदात तू मिठाईचा डबा घेऊन आलास. "कोल्ह्याच्या मागे लागली आणि बोरूत हरवली, मामा. कुत्रंच ते. दुसरं घे." मी तुला चहा दिला. तुला धीरही दिला, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

कुआंदिकने पहिला बर्फ पडल्यावर तोंड उघडलं. शिकाऱ्यांना इली नदी पार करून देणारा माणूस तो, त्याचं पोट तुमच्यासारख्यांवर चालतं, म्हणून इतके दिवस गप्प होता. माझ्या स्वयंपाकघरात टोपी मांडीवर ठेवून त्याने सांगितलं. अक्कूस थिजून उभी होती. पक्षी उठला तो अगदी खालून, तिच्या डोक्यालगत. तुझ्या सासऱ्यांनी बंदूक उचलली तसा कुआंदिक ओरडला, "थांबा, कुत्री आहे समोर." आणि तू हसत म्हणालास, "मारा, मारा, ती हलत नाही. तेच तर शिकवलंय आमच्या मास्तरमामाने." बार झाला, पक्षी निसटला. तुम्ही चहा घेतलात आणि निघालात. संध्याकाळी कुआंदिकने तिला जिदाच्या झाडाखाली पुरलं. मी विचारलं, तिने वळून पाहिलं होतं का. म्हणाला, "नाही मास्तर. पक्षी गेला त्या बाजूलाच बघत होती. हात लागायची वाट बघत असेल."

मी रोज रात्री रोजनिशी लिहितो म्हणून तू हसतोस. "मामा, आज बकरीने काय खाल्लं ते लिहिलंस का?" त्या हिवाळ्यात मी रोज एकच प्रश्न लिहीत होतो: सख्ख्या बहिणीच्या मुलाचं वाईट चिंतणारा माणूस कसा असतो? राग निवळला नाही, आणि तो निवळावा असं मला वाटतही नव्हतं. वसंतात तुझे निरोप येऊ लागले. पिल्लू कसं आहे, तयार झालं का, सासऱ्यांना आणि त्यांच्या पाहुण्यांना शिकारीला बोलावलंय, लाज राख. तेव्हा मला सुचलं. फोन गवतात ठेवायचा, तुझा निरोप लावायचा, तिला हलकेच खाली दाबायचं. पोट जमिनीला टेकलं की मांसाचा तुकडा. मग अंगणातून बोरूत, मग थेट पक्ष्यासमोर. मुक्या जिवाला आपल्या सुडाचं हत्यार करावं का, हेही मी रोजनिशीत लिहिलं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन गवतात ठेवला. आता ती चुलीपाशी गाढ झोपलेली असली तरी "मामा, तू कॉलेजात शिकवतोस" एवढं ऐकताच, किंवा तुझा दुसरा कुठलाही निरोप वाजला तरी, सपाट होते. मग खांद्याला माझा किंवा कुआंदिकचा हात लागेपर्यंत उठत नाही. तो उन्हाळाभर येत होता.

हे पत्र तोच तुला नदीपलीकडे देईल, तू पाहुण्यांसमोर पहिली हाक मारलीस आणि ती आडवी झाली की लगेच. ओरडलास तर आणखी चिकटून बसेल. पायाने ढोसायला गेलास तर कुआंदिक मध्ये उभा असेल आणि तुझे सासरे बघत असतील. भाच्याला दिलेलं मामाला परत मागून घेता येत नाही. पण भाच्याने स्वतःच नको म्हणून आणून सोडलं, तर त्याचा हक्क त्या दारात कायमचा संपतो. तर घेऊन ये. रविवारी आपा माझ्याकडे असेल, बाउर्साक तळत असेल. अक्कूस कुठे आहे ते तिच्यासमोर सांग आणि मग बस जेवायला. एक गोष्ट मलाही फार उशिरा उमगली. तुझी मान खाली जावी म्हणून मी तिला आडवं व्हायला शिकवलं. पण आडव्या पडलेल्या कुत्रीच्या वरून छर्रे निघून जातात. तिची आजी उभी होती. तेव्हा त्या बोरूत आहात तोवर बोलत राहा, मादियार. मोठ्याने बोलत राहा.

तुझाच,
सेरिममामा