नांग पुरिंगचा ओव्हन

३ मार्च
हॉलमधला दिवा संध्याकाळपासून लुकलुकतोय. स्वयंपाकघरातलाही. बायको, सोरिंग, म्हणाली, इलेक्ट्रिशियनला बोलव. मी हसलो. ज्याने उभं आयुष्य जहाजावर काढलं, त्याने दिव्यासाठी माणूस बोलवायचा? (होतो स्ट्यूअर्ड, जेवण वाढणारा, हे खरं. पण माझी केबिन इंजिनरूमच्या बरोब्बर डोक्यावर होती. माणूस झोपेतही पुष्कळ शिकतो.) गल्लीत अजून मला ‘चीफ’ म्हणतात. कशाचा चीफ, हे कोणी विचारत नाही. मीही सांगत नाही.
उद्या बल्ब बदलणार. विषय संपला.

४ मार्च
बल्ब बदलले. लुकलुक तशीच. हल्लीच्या मालात दम नाही. दुसऱ्या दुकानातून आणखी बल्ब आणले. तेही त्याच वळणाचे.

६ मार्च
आज पद्धतशीर काम. मेन स्विच बंद करून होल्डर उघडले, घासूनपुसून परत लावले. मेन बंद केला तेव्हा कुकरमध्ये भात होता, हे ध्यानात आलं नाही. जेवायला अर्धकच्चा भात आणि सुकी मासळी. सोरिंगने ताट माझ्यापुढे ठेवलं, ते जरा जोरात. तो आवाज समोरच्या घरापर्यंत गेला असावा.
दिवे अजून लुकलुकतात. निजायच्या खोलीतला मात्र शांत. सोरिंगने विचारलं, हा एकटाच का बरा? म्हटलं, त्या खोलीत वर्दळ कमी असते.

८ मार्च
सापडलं! स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होतो. समोर नांग पुरिंगच्या घरात ओव्हन पेटला आणि इकडे आमचा दिवा लुकलुकला. नांग पुरिंग विधवा बाई. एन्सायमाडा, म्हणजे लोण्याचे गोड पाव, भाजून खिडकीतून विकते. त्यावरच मुलगी बाकोलोदला नर्सिंग शिकतेय. बाई भली आहे, पण विजेला भलेपणा कळत नाही. एवढा थोरला ओव्हन, आणि खांब दोघांचा एकच! आपला दाब पळवतोय तो.
सोरिंग म्हणाली, मग निजायच्या खोलीतला का नाही पळवत? हिच्याकडे सगळा मिळून एकच प्रश्न आहे.

९ मार्च
जाऊन सांगितलं. गोडीत सांगणार होतो. पण खिडकीपाशी पाव घ्यायला चार माणसं उभी होती आणि चार माणसांसमोर माझा आवाज आपोआप चढतो. म्हटलं, “नांग पुरिंग, तुमचा ओव्हन अख्ख्या खांबाचं रक्त पितोय!”
तिचा चेहरा उतरला. “अगंबाई, हो का चीफ? मला मेलीला काय कळतंय त्यातलं! बरं झालं सांगितलंत.”
त्या चौघांतला नोंग आम्बो लगेच म्हणाला, त्याच्याही टीव्हीवर मागे एकदा चित्र उडालं होतं. दुसऱ्याला त्याचा फ्रिज आठवला. मी निघालो तोवर गल्लीतली सगळी दुखणी त्या ओव्हनवर जमा झाली होती.
संध्याकाळी तिने ताटली पाठवली. गरम एन्सायमाडा, वर किसलेलं चीज, सोबत निरोप, त्रासाबद्दल माफ करा. मी खाल्ला. सोरिंगने हात लावला नाही.

११ मार्च
नांग पुरिंग आता संध्याकाळी ओव्हन लावतच नाही. फक्त सकाळी.
दिवे संध्याकाळीच लुकलुकतात.
विचार केला. सकाळचा परिणाम तारेत मुरून राहत असणार. जहाजावर असं व्हायचं. (व्हायचं का? व्हायचं असावं.)
आज पुन्हा ताटली. चव पूर्वीसारखी लागली नाही. तरी संपवली. परत पाठवणं वाईट दिसतं.

१४ मार्च
गल्लीप्रमुखाने रस्त्यात थांबवून पाठ थोपटली. म्हणाला, चीफ, तुमच्यामुळे निकाल लागला. मला वाटलं काही बक्षीसबिक्षीस. तर नांग पुरिंगने ओव्हन विकलाय! पोतोतानचा कोणी बेकरीवाला टेम्पोत घालून घेऊनही गेला.
ती आता पहाटेच्या जीपनी-बसने भिजवलेल्या पिठाचे डबे घेऊन हारोला जाते, चुलतभावाच्या लाकडाच्या भट्टीवर भाजायला. दुपारी भेटली. धुराने डोळे लाल झालेले. मला पाहून हसली. म्हणाली, “आता तुमच्या दिव्यांना बरं वाटतंय ना, चीफ?”
मी म्हटलं, “पुष्कळ.”
खोटं. काल जेवताना दोनदा अंधार झाला. सोरिंगने मेणबत्ती आधीच आणून ठेवली होती.

१५ मार्च
ओव्हन पोतोतानात. दिवे लुकलुकतात. एवढ्या लांबून खांबाचं रक्त कसं पिणार?
एक शक्यता इथे नोंदवतो, केवळ काही राहून जायला नको म्हणून. गेल्या महिन्यात हॉलमध्ये छताचा पंखा बसवला. मी स्वतः. हॉल आणि स्वयंपाकघराची तार छतात जिथे जोडली आहे, तिथूनच पंख्याची काढली. निजायच्या खोलीची तार वेगळी येते. पंखा संध्याकाळीच लावतो.
बहुधा काही संबंध नसावा.
झोप नाही.

१६ मार्च
सोरिंगला बाजारात धाडलं. मेन बंद केला. (भात आधी पाहिला.) शिडी लावून छताची फळी काढली.
त्या दिवशी इलेक्ट्रिकची टेप मिळाली नव्हती, म्हणून मी तारा हातानेच पिळून जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बांधल्या होत्या. नंतर नीट करू म्हटलं होतं. पट्टी करपून तपकिरी झालेली. जोड बोट लावताच हलला. शेजारचं लाकूड काळं पडलेलं, बराच भाग. नाकात जळका वास.
शिडीवरच बसून राहिलो. याच्याखाली आम्ही रोज जेवतो. आणि मी समोरच्या बाईचा ओव्हन गावाबाहेर घालवला.
जळलेली टोकं कापली, नवा कनेक्टर घातला, वर डबी बसवली, स्क्रू दोनदा तपासले. पंखा लावला, दिवे लावले. एकही दिवा पापणी लववत नाही.
सोरिंग आली. दिव्याकडे पाहिलं, मग शिडीकडे, मग माझ्याकडे. कोबी चिरायला बसली.
उद्या सकाळी पहिलं काम, नांग पुरिंगला सांगणं.

१७ मार्च
सकाळी ती भट्टीवर गेलेली. माझा दोष नाही.
दुपारपर्यंत गल्लीत बातमी. ओव्हन गेला आणि चीफच्या दिव्यांची लुकलुक थांबली! नोंग आम्बो म्हणतो, त्याचा टीव्हीही सुधारला. म्हणजे मी केलेली दुरुस्ती हाच त्या बाईविरुद्धचा पुरावा ठरला. याहून वाईट वेळ साधता आली नसती.
संध्याकाळी ती स्वतः आली. “बघा, माझाच ओव्हन होता की नाही! किती दिवस तुम्हाला छळलं मी.” हाताला भट्टीचा चटका, वर फडकं गुंडाळलेलं.
मी म्हटलं, “नाही, नाही.” मोठ्याने म्हणायला हवं होतं.

२० मार्च
लेंटच्या उपासांतला शुक्रवार. पाद्रीबाबांपुढे कबुली द्यायला चर्चमध्ये गेलो. रांगेत वाक्य पाठ केलं. जाळीसमोर गुडघे टेकले आणि तोंडातून निघालं, “फादर, उपासाच्या शुक्रवारी मी डुकराचं मांस खाल्लं.” खाल्लेलं नाही. आता ते खोटंही वाढलं. त्यांनी प्रार्थना म्हणायला सांगितल्या, त्या न खाल्लेल्या मांसासाठी म्हटल्या.

२२ मार्च
रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर थेट नांग पुरिंगच्या दारात. ती पत्र्याचे साचे धूत होती. सोरिंग ताटल्या परत द्यायला माझ्या मागे.
एका दमात सांगितलं. ओव्हनचा काही दोष नव्हता. जोड माझा ढिला होता. औषधाच्या चिकटपट्टीने बांधला होता. दुरुस्तही मीच केला, गुपचूप.
तिने हात पुसले. डोळे भरून आले. म्हणाली, “चीफ, किती मोठं मन तुमचं! मला वाईट वाटू नये म्हणून सगळं अंगावर घेताय. जहाजावरचा माणूस तारेला कधी औषधाची पट्टी लावेल का?” आणि हसायला लागली.
मी पुन्हा सांगितलं. या वेळी जरा हळू. तिने माझा दंड थोपटला. तिसऱ्यांदा सांगावं की तिच्या समजुतीचा मान राखावा, असा विचार मनात आला. मान राखावा, असंच ठरत होतं.
पण सोरिंगने पहिल्याच वाक्यावर विश्वास ठेवला होता. तिने नांग पुरिंगच्या हातात ताटल्या दिल्या आणि त्या बेकरीवाल्याचं नाव विचारून घेतलं.
उद्या सकाळी आम्ही पोतोतानला जातोय, ओव्हन परत मागायला. बोलणार सोरिंग. उचलणार मी.