हुइयाची चूक

३ जून
आले एकदाची! गिझबर्नच्या शेडात मेंढ्यांची लोकर निवडून हात सोलले होते, ते आता संपलं. रोटोरुआच्या बसमधून उतरले तर समोर वायमारी मावशी. आईची चुलतबहीण. तीस वर्षं या गरम झऱ्यांच्या खोऱ्यात पाहुण्यांना फिरवतेय. आमच्या रीतीनं नाकाला नाक लावून भेटली आणि माझ्या उंच टाचांच्या बुटांकडे बघून म्हणाली, मेरेआना, नाचायला आलीस की चालायला? संध्याकाळी झऱ्याच्या वाफेवर शिजलेली कणसं आणि डुकराचं मांस पोटभर खाल्लं. अडीच आठवडे शिकायचं. मग इथले मालक डेव्हलिनसाहेब परीक्षा घेणार. पास झाले की छातीवर गाइडचा बिल्ला!

५ जून
बोलण्यापेक्षा गप्प राहणंच अवघड आहे. मावशीचे नियम: ऊन आपल्या डोळ्यांवर घ्यायचं, पाहुण्यांच्या नाही. सगळ्यात मागचा म्हातारा पोचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आकडे सांगायला लागले की ती खेकसते. पाटी त्यांना वाचता येते म्हणे, तू त्यांना जमिनीला हात लावायला लाव. आज लावला. एका दांडगट शेतकऱ्यानं चटकन हात मागे घेतला, मग हळूच पुन्हा टेकवला. असा आनंद मला लोकरीनं कधी दिला नव्हता.

सहावा थांबा पांढऱ्या चिखलाच्या तळ्याचा. तिथं साहेबांनी लिहून दिलेलं सांगायचं: दोन वर्षांपूर्वी हुइया नावाच्या गाइडनं निष्काळजीपणानं फळ्यांची वाट सोडली, चिखलावरचा वाळका पापुद्रा फुटला, उकळत्या चिखलात गेली, तेव्हा वाट सोडू नका. लोक पोरांना घट्ट धरतात. मावशी मात्र तिथं थांबत नाही.

११ जून
आज पहिल्यांदा एकटीनं गट नेला. हुइयाचं सांगून झालं आणि जीभ भाजली. उकळता चहा प्यावा तशी. खरोखर फोड आलाय. शेवटी एका बाईनं विचारलं, तुमच्यामागे ती लाल रुमालवाली, अनवाणी गाइड होती, ती का बोलत नाही? तळ्यापाशी सारखी नकारार्थी मान हलवत होती.

लाल रुमाल बांधणारं इथं कुणी नाही.

१४ जून
मावशीला विचारलं. आधी तिनं भांडी घासली. मग बसली.

हुइया तिचीच शिष्या, लाल रुमाल बांधायची. फेऱ्या वाढाव्यात म्हणून डेव्हलिननं पातळ पापुद्र्यावरून जवळची वाट काढली. हुइया नाही म्हणाली. तो म्हणाला, मग बिल्ला काढून ठेव. तिनं पाहुण्यांना मागे थांबवलं आणि वाट तपासायला स्वतः पुढे गेली. चौकशीत तिचीच चूक ठरली. मावशीनं साक्षीवर सही केली, कारण तिचं घर त्याच्या जागेत.

"मी एकदाच खोटं बोलले, तेही कागदावर," मावशी म्हणाली. "तू तर रोज तिच्या तोंडावर बोलतेस, पोरी. सोड ते."

मी म्हटलं, परीक्षा झाली की सोडते.

१७ जून
आज तीनदा सांगितलं. बिल्ला हवाय मला. फळ्यांवर माझ्यापुढे ओल्या अनवाणी पावलांचे ठसे. त्यांतून वाफ निघते.

१९ जून
परीक्षा. डेव्हलिन आणि मी, दोघंच. वाफ इतकी की हात दिसेना. सहाव्या थांब्यावर तोंड उघडलं आणि आवाज माझा नव्हता. सगळं सांगितलं त्या आवाजानं. वाट, बिल्ला, किंकाळी. डेव्हलिन पांढरा पडला. मग हसला. नापास, म्हणाला. उद्या त्या म्हातारीचंही सामान रस्त्यावर. आणि तणतणत वळला.

"साहेब, वाट इकडून आहे."

तो आला. फळी संपली, पापुद्रा फुटला— त्याला बुडायला बराच वेळ लागला.

२० जून
पोलिसांना काय सांगितलं मी? निष्काळजीपणा. फळ्यांची वाट सोडली. हुइयाबद्दलचे तेच शब्द, जसेच्या तसे.

मावशीनं ऐकलं. कोट घालून ठाण्यावर गेली, स्वतःची जुनी साक्ष खोटी म्हणून सांगायला. जाताना म्हणाली, तूही चल. मी गेले नाही.

२१ जून, दुपार
नापास झाल्याचं कुणाला ठाऊकच नाही; डेव्हलिनच्या भावानं बिल्ला दिला. लावला तर खाली कातडी भाजली— काढला तरी जळतेय.

जीभ तोंडात मावत नाही. हाक मारता येत नाही. तिकिटाच्या खोलीत आहे. बाहेर भर दुपार, लोक हसताहेत—

दाराखालून वाफ.

लाल रुमाल. ती आत आलीय. मान हलवते. नाही. नाही. पुन्हा पुन्हा—

लिहिते, बाई, लिहिते. तुझी चूक नव्हती. डेव्हलिनची होती.

अजून मान हलवते—

बरं. खरं. परवा तू सगळं सांगून गप्प झाली होतीस. ते शेवटचं वाक्य तुझं नव्हतं. माझ्या आवाजात, माझ्या मनानं, वाट कुठं संपते ते ठाऊक असताना, मीच त्याला—