ठिणगीची जागा

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शहजादभाईनं पुन्हा न विचारता केलं! आज परस्पर अब्बांच्या जिनिंग मिलमध्ये जाऊन आमच्या ठिणगी पकडणाऱ्या डब्यात नवा ड्रायव्हर — सेन्सर वाचणारा कोड — टाकून आला. वर मलाच ऐकवतो — "एका डोळ्याच्या जागी दोन डोळ्यांची सोय करून ठेवली. दुसरा सेन्सर आला का फक्त जोडायचा." अरे, पण आधी सांगायचं तरी! कर्नलच्या, म्हणजे डब्यातल्या कॉम्प्युटरच्या गाभ्याच्या, आतलं तो लिहितो, वरचा प्रोग्रॅम माझा. कापूस ओढणाऱ्या पाइपमध्ये ठिणगी दिसली हे त्याच्या ड्रायव्हरनं सांगायचं, भोंगा माझ्या प्रोग्रॅमनं वाजवायचा. भागीदारी म्हणून काही असतं की नाही? मावसभाऊ पडला, म्हणून भांडले नाही.

"तपासलं का?" विचारलं तर म्हणे, "लाल बटण दाबलं. मस्त वाजला भोंगा." लाल बटण! ते थेट भोंग्याला जोडलंय, भोंगा जिवंत आहे का एवढंच त्यानं कळतं. प्रोग्रॅमशी त्याचा काय संबंध? पण हे बोलले की, "तुले सगळ्यातच खोट दिसते."

अब्बा त्या पाइपखाली दिवसभर उभे असतात. कापसातली सरकी काढणाऱ्या त्या जिनिंगचे फिटर. सुक्या कापसात ठिणगी गेली तर पळायलाही सवड मिळत नाही. डबा मी त्यांच्यासाठी केला. हे फक्त इथे लिहिते.

२३ नोव्हेंबर, रविवार

आमच्या दिग्रसात जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. अब्बांना आजही सुटी नाही. अम्मीची सगळी चिडचिड माझ्या वाट्याला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वाजला!! माझा डबा वाजला!

अब्बा घरी आले ते जिलबीचा पुडा घेऊनच. जिनिंगचे मालक बापूजी, त्यांनी दिलेला. म्हणाले, "भोंगा झाला. मी पंखा बंद केला, पाइप उघडला, पानी मारलं. खतम." एवढंच! मी चार चार वेळा विचारलं, तेच सांगितलं. अम्मीनं माझी दृष्ट काढली. मी जिलबी खाता खाता रडले, वेडीसारखी.

अब्बांच्या उजव्या हाताला पट्टी आहे. "आगीत भाजलं?" म्हटलं, तर हसले. "छे बेटा. गाडी स्टँडवर लावताना सायलेन्सरले हात लागला." इतकी वर्षं गाडी चालवून! चांगलं झापलं त्यांना. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बापूजींचा फोन. "पोरी, तुह्या डब्ब्यानं माही जिनिंग वाचवली! उमरखेडले माह्या जावयाची जिनिंग आहे, तिथं पन एक लावून दे. शनवारीच." शहजादभाई आमच्या दुकानात नाचतोय. शुक्रवारचा राग मी सोडून दिला. नाचू दे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उमरखेडचा डबा टेबलावर जोडला. पेटती अगरबत्ती सेन्सरसमोर धरली. गप्प. काडी पेटवून धरली. गप्प! पडद्यावर आपलं ‘ठीक’.

शहजादभाई म्हणतो, सेन्सर खराब असन. सेन्सर बदलला. तरी गप्प. म्हटलं, तुझ्या नव्या ड्रायव्हरनंच काहीतरी घोटाळा केला. तर अंगावर आला — "तोच ड्रायव्हर, तोच प्रोग्रॅम मंगळवारी वाजला ना? आग वाचवली ना? मंग काहून डोकं खाऊन राह्यली?"

वाजला तर होताच. पण आज अब्बा कामावरून येईपर्यंत मी उगाच दारात उभी होते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं. शहजादभाई जुम्म्याच्या नमाजाला गेला होता तेव्हा सापडलं.

ड्रायव्हर माझ्या प्रोग्रॅमला आकडे देतो, ते ठरलेल्या क्रमानं — पहिल्या जागी पाइपचं तापमान, दुसऱ्या जागी ठिणगी. हा क्रम त्याच्या हेडर फाइलमध्ये लिहिलेला. ती फाइल कर्नलच्या आतली. आतला पसारा बाहेरच्या प्रोग्रॅमनं उचलायचा नाही, हा त्याचा नियम, आणि नियम काही चूक नाही. म्हणून मी तेवढा क्रम माझ्याकडे उतरवून घेतला होता. नक्कल! आणि त्यानं दुसरा डोळा घुसवला तो नेमका मध्ये. ठिणगी सरकली तिसऱ्या जागी. माझा प्रोग्रॅम अजून दुसरीच जागा बघतोय, आणि तिथे आहे न जोडलेला डोळा. कायम शून्य. शून्य म्हणजे ठीक!

कॉम्प्युटरनं कुठेही चूक दाखवली नाही. कशी दाखवणार? त्याची फाइल त्याच्यापुरती बरोबर, माझी माझ्यापुरती. एका लग्नाच्या दोन पत्रिका, दोन तारखांच्या.

शहजादभाई आला, त्याला दाखवलं. त्यानं दोन्ही फाइली शेजारी उघडून बोटानं जागा मोजल्या. मग दोघांनी मिळून तिसरी छोटी फाइल केली. दोघांना लागतं तेवढंच तिच्यात. कर्नलही तीच घेणार, प्रोग्रॅमही तीच. नवं काही आलं तर शेवटी जोडायचं, मध्ये कधीच नाही. अगरबत्ती धरली. असा वाजला की शेजारचा शिंपी धावत आला!

हसलो दोघं. मग शहजादभाईचा चेहरा उतरला. "गझाला... जिनिंगचा डब्बा गेल्या शुक्रवारपासून आंधळा आहे. मंग मंगळवारी वाजला कसा?"

अगरबत्ती तशीच टाकून अब्बांना फोन लावला. डबा आंधळा आहे, पाइपजवळ थांबू नका, म्हटलं. ते म्हणाले, "बरं. मी मशीनचा पट्टा उतरवून ठेवतो, ती बंद राहीन. सकाळी ये." कसं, काय, काही विचारलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उमरखेडला गेलो नाही. जिनिंगमध्ये शिडी लावून डब्यापाशी चढले. लाल बटणावर काजळीचा अंगठा उमटलेला. अब्बांनी आग हातानं विझवून, त्याच भाजल्या हातानं दाबलेलं.

अब्बा खाली शिडी धरून उभे. एका हातानं. "पुसून टाक बेटा. डब्बा मुका निघाला म्हनून शेठनं काढून फेकला असता."

असा राग आला त्यांचा, आणि असं रडू! पुसलं नाही. खरं काय ते सांगायला वरूनच बापूजींना हाक मारली.