चिंता मोजायला निघालो

३ जून, सकाळी
पीएच.डी.ला नववं वर्ष लागलं. माझ्या गाइड संयोगिता मॅडम म्हणाल्या, ही शेवटची मुदतवाढ. जुलैअखेर प्रबंध आला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. मी हसलो. विषय पक्का आहे, 'सैनिक कुटुंबांतील चिंता'. प्रश्नावली मी स्वतः तयार केलेली, अप्रतिम. आता फक्त डेटा आणि पाच प्रकरणं बाकी. म्हणजे झालंच. मग मानसशास्त्र विभागातली माझी तात्पुरती नोकरी कायम होणार. बायकोला, क्रांतीला, हे सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तिला रिसर्च कळत नाही.

९ जून
मेढ्याच्या पुढच्या एका गावात गेलो. घरटी एक जण फौजेत. घरोघर फिरायचा प्लॅन होता. पण रिटायर्ड सुभेदार जोतीराम यांनी देवळाच्या स्पीकरवरून पुकारून अख्खं गाव रांगेत बसवलं होतं. प्रश्नही त्यांनीच मोठ्याने वाचले. काय ती शिस्त! चहा येईपर्यंत काम फत्ते. विभागातले लोक इतकी वर्षं उगाच हसत होते.

१० जून
सगळ्या प्रश्नांना सगळ्यांचं एकच उत्तर: 'कधीच नाही'. 'मुलाच्या काळजीने झोप लागत नाही.' कधीच नाही. 'फोन वाजला की छातीत धडधडतं.' कधीच नाही. आधी वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. मग सुभेदारांना फोन लावला. म्हणाले, "आवं सर, पोरं बॉर्डरवर हायती. आन् आमी हितं भ्यालोय म्हनून लिवून द्यायचं व्हय?" उत्तरं गोपनीय राहतात, नाव कुठेच येत नाही, असं समजावलं. "नाव न्हाई, पर गाव तर आमचंच न्हवं?"
फोन मी शांतपणे खाली ठेवला. काच आधीच थोडी तडकलेली होती.

१४ जून
एम.ए.ला 'रागाचं नियोजन' शिकवलं. शिवतेज नावाच्या विद्यार्थ्याने विचारलं, सर, तुमचा डेटा झाला का? त्याला बाहेर काढलं. मग हसणाऱ्यांना काढलं. मग वर्गात कोणी उरलंच नाही, म्हणून तास लवकर संपवला. विषय उत्तम पोचला.

२१ जून
सुभेदारांना न कळवता पुन्हा गावात. रंगुबाईंकडे गेलो; मुलगा लडाखला. "काळजी? न्हाई बा," म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांच्या हातातली कपबशी खाली पडून फुटली. फोन गॅसवाल्याचा होता. तुकडे वेचताना त्यांचं बोट कापलं. मी नियमाप्रमाणे 'कधीच नाही' वर खूण केली.
जाताना म्हणाल्या, "सर, तुमी लय वाळलायसा. कसलं टेन्शन हाय का?" मला कसलंही टेन्शन नाही, हे त्यांना इतका वेळ समजावलं की शेवटची एसटी गेली.

२ जुलै
मॅडमना सगळं सांगितलं. त्या एकदम खुर्चीतून पुढे झुकल्या. म्हणाल्या, अहो, कपबशी फुटली तेच लिहा! तोच तुमचा प्रबंध! लोकांकडे परत जा, नुसतं बसा, बघा.
मी ठाम नकार दिला. कपबशी माझ्या प्रश्नावलीत बसत नाही. नऊ वर्षं मी काय कपबशांसाठी घालवली? नवा निष्कर्ष मांडणार: या गावात चिंता अस्तित्वातच नाही. कमिटी चकित होईल.

३० जुलै
कमिटी चकित झाली. रजिस्ट्रेशन रद्द.
क्रांतीला कसं सांगावं म्हणून बराच वेळ जिन्यात उभा राहिलो. शेवटी सांगितलं. तिने ताबडतोब इस्लामपूरला तिच्या आईला फोन लावला, "सुटलो बाई एकदाचे!" मग शिरा केला. बेदाणे घालून. म्हणाली, किती वर्षांनी आज घरात शांत वाटतंय, आता तरी नीट झोपा.
माझी पीएच.डी. गेली आणि या घरात गोडधोड होतंय! काहीतरी जोरात बोलायला तोंड उघडलं, तर रडूच आलं. भरपूर रडलो. बरं वाटलं, याचंच जास्त वाईट वाटलं. शिरा दोनदा घेतला.