साक्षीला मोहिनीराज

अण्णा, तुमचं अक्षर सुंदर होतं. अख्ख्या नेवाशात तसं अक्षर कुणाचं नव्हतं, हे तुम्हीच आम्हाला येता-जाता ऐकवायचात. आता वाटतं, मृत्युपत्रसुद्धा तुम्ही ते अक्षर मिरवायलाच लिहिलंत. लढाईचे दिवस होते, रॉकेल रेशनवर होतं, कोरा कागद दिसेनासा झाला होता. तरी तुम्ही कुणाला तरी सांगून नगरहून स्टँपाचा कागद आणवलात. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, हे मला पुढे कळलं. तुम्हाला कधीच कळलं नाही. लागतात फक्त दोन साक्षीदार. तुम्ही सही करताना पाहणारे आणि मग तुमच्यासमोर स्वतःची सही किंवा निशाणी करणारे. बस्स. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनं खोडणाऱ्या मास्तरांना एवढं जमू नये!

मी म्हटलं होतं तुम्हाला. मी चुलीपुढे भाकऱ्या करत होते, तुम्ही पाटावर जेवत होतात. म्हटलं, गल्लीतल्या वकिलांना एकदा दाखवा, घर म्हणजे खेळ नव्हे. तुम्ही घास खाली ठेवलात. "त्याला? त्याला श्री काढायला मी शिकवलं, हात धरून. तो आता मला लिहायला शिकवणार?" आणि मग ते तुमचं ठरलेलं, की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. तुम्ही नाहीच चढलात. मला चढायला लावलीत.

ती सकाळ मला अजून लख्ख दिसते. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून मोहिनीराजाच्या देवळात उभे आहात, मी खांबाशी बसले आहे. तुम्ही वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचता आहात. वडिलोपार्जित जमीन खर्डा गावची, ती माझ्या भावाची, दादाची. पण नेवाशाचं घर तुम्ही स्वतःच्या पगारातून बांधलेलं, ते माझं. कारण 'माझ्या विधवा मुलीवर कुणाच्या चुलीपुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये.' हे वाक्य ऐकून मी पदर डोळ्यांना लावते. पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आलेल्या बाईला स्वतःचा उंबरा मिळणार, यापरतं काय हवं? शेजारचे मळेवाले आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दर्शनाला आलेले, तेही थांबून ऐकताहेत. तुम्ही देवासमोर सही करता. आबा पुढे होतात.

"मास्तर, आमा दोगांचा आंगठा घ्या की कागदावर. आमी हितंच हाय, समदं आयकलंय."

"देवासमोर झालंय, आबा. माणसाची साक्ष कशाला?"

"बरं, ऱ्हायलं," असं म्हणून आबा हसले. घरी येताना तुम्ही मला खरं कारण सांगितलंत. असल्या कागदावर काळे अंगठे उठवून घ्यायचे का, म्हणालात. आणि घरी बसून, बोरू नीट तासून, खाली लिहिलंत : साक्ष, श्री मोहिनीराज. साक्ष, प्रवरामाई. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल तुमचा होता, रिकामी मी राहिले.

तुम्ही गेलात आणि दादानं घर विकायचं काढलं. मी कागद घेऊन गल्लीतल्या वकिलाकडे, तुमच्या त्या विद्यार्थ्याकडे गेले. त्यानं ओसरीवर बसून वाचला. "अक्षर काय आहे हो मास्तरांचं!" म्हणाला. मग शेवटाशी आला आणि थांबला. "ताई, साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून शपथ द्यावी लागते. देवाला समन्स कोण बजावणार?"

तरी मी हट्टानं कोर्टात गेले. कागदावर निशाणी नाही, म्हणून आबांच्या सांगण्याला काडीची किंमत उरली नाही. "म्या म्हनलं हुतं वो ताई," एवढंच ते म्हणत राहिले. शिरस्तेदारानं साक्षीदारांची नावं मोठ्यानं वाचली तेव्हा मागच्या बाकापर्यंत हशा झाला. मृत्युपत्रच नाही म्हटल्यावर तेव्हाच्या कायद्यात मुलगा असताना मुलीला काय मिळणार? घर दादाचं झालं.

कोर्टाबाहेर दादा म्हणाला, "चल कर्जतला. माझ्याकडे राहा. तुला कुणी काही बोलणार नाही." तो मनापासून म्हणत होता. मी गेले नाही. भावाच्या घरी भावजयीच्या चुलीपुढेच बसायचं, तर तुमच्या त्या वाक्याला काय अर्थ राहिला? मी नगरला आले, मुलींच्या शाळेत लागले, एका भाड्याच्या खोलीतून दुसऱ्या खोलीत भांडीकुंडी हलवत म्हातारी झाले. घरमालक बदलले, उंबरा माझा कधीच झाला नाही. गल्लीतल्या पोरीबाळींना, त्यांच्या नवऱ्यांना, सासऱ्यांना मी बजावते, की वकिलाकडे जा, फी द्या, तो सांगेल तिथे सही करा आणि तुमचं शहाणपण चपलांबरोबर बाहेर ठेवा. लोक म्हणतात, बाई फटकळ आहे.

आणि नेवाशाचं घर का सोडलं असं मला कुणी विचारलं, की मी सांगते, भावानं लाटलं. दादाच्या कानावर ते गेलंय. त्यानं एकदाही खोडून काढलं नाही. आता तो थकलाय, आणि नातेवाईक अजून त्याच्या तोंडावर त्याला बहिणीचं घर खाल्लेला म्हणतात. माझा बाप मूर्ख होता, हे वाक्य मला इथे लिहिता आलं. तोंडातून ते आजवर निघालेलं नाही. मी लिहिलेला हा कागद निदान दादाला तरी दाखवावा, असं सकाळपासून मनात येतंय. दाखवणार नाही. त्याच्याकडून तो चारचौघांत जाईल, आणि मग नगरलाही लोक तुम्हाला हसतील.