दहाव्या दिवशी कावळा शिवला

काशी, पंचगंगा घाटावरची गल्ली
गुरुवार सकाळ

तीर्थस्वरूप रत्नाकरदादांच्या चरणी गोपीनाथचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा एक अंग कमी धरावे).

विनंती विशेष. तुमचा रक्तदाब आता कसा आहे? परवा फोनवर तुमचा आवाज ऐकला त्यावरून तो बराच वर असावा. नंदावहिनींची पाठ काय म्हणते? अन्नपूर्णाकाकूंची भोवळ उतरली का? आणि पद्मा, म्हणजे तुमची धाकटी बहीण व माझी छत्तीस वर्षांची बायको, नीट जेवतेखाते ना? इकडे मी खुशाल आहे (म्हणजे खिचडीवर आहे). आजकाल कागदावर पत्र कोणी लिहीत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही मला परिवाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून काढलंत, वर नंबरही ब्लॉक केलात, आणि पद्मा फोन उचलत नाही. पोस्टमन तेवढा अजून माझ्याशी बोलतो, म्हणून हा खटाटोप.

आता मूळ प्रकार सांगतो. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून मी रिटायर झालो तोवर मला दोनच जातींचे पक्षी माहीत होते, कावळे आणि इतर. मग हा कॅमेरा घेतला आणि मागच्या अंगणात ठाण मांडलं. (अंगण म्हणजे चार चटया अंथरल्या की संपतं. पण त्यात एक लिंबाचं झाड आहे आणि वर आकाश आहे, आणि आमच्या गल्लीत ज्याच्या मालकीचं आकाश आहे तो जहागीरदार.) दोन वर्षांत सतरा जातींचे पक्षी टिपले. यंदा शिंजिराच्या मादीने घरटं बांधलं ते नेमकं कपडे वाळत घालायच्या दोरीला. मग तीन आठवडे दोरी बंद. पद्माच्या साड्या स्वयंपाकघरात वाळल्या. मिक्सरच्या आवाजाने पक्षीण बिचकते, म्हणून चटणी पाट्यावर. मागचं दार करकरतं, म्हणून तेही बंद, आणि केराची बादली पुढच्या दाराने सगळ्या गल्लीला दर्शन देत जायची. हे सगळं तिने सोसलं, मी नाकारत नाही. एकदाच म्हणाली, "ह्या चिमणीला काय सुरखाबाचे पर लागलेत?" (आमच्या घरातली मराठी तुम्हाला माहीतच आहे, निम्मी गंगेत बुडवलेली. म्हणजे हिचं एवढं काय कौतुक.) यावर गप्प बसावं की नाही! मी तिला पाऊण तास समजावलं की ही चिमणी नव्हे, शिंजीर आहे, आणि खरा सुरखाब हिवाळ्यात पलीकडे रामनगरच्या बाजूला वाळवंटात उतरतो, आणि तो मला अजून मिळालेला नाही.

तो मिळाला, दादा. कधी मिळाला, तर पद्माच्या निरोपसमारंभात. चौतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून ती निवृत्त होत होती. तुम्ही पाठवलेली जांभळी साडी नेसली होती. मला काम एकच होतं, शाल अंगावर पडताना फोटो काढणे. शाळेच्या चौकात मी अगदी पहिल्या रांगेत, कॅमेरा डोळ्याला लावून सज्ज होतो. मुख्याध्यापिकांनी शाल उलगडली, मुलींनी टाळ्या सुरू केल्या, आणि बरोबर त्याच क्षणी वरून सुरखाबांची जोडी गेली. भगवी, अगदी कमी उंचीवरून, पंखांवर ऊन घेऊन. मी आयुष्यात कोणाचा ठरवून अपमान केलेला नाही. मान आपोआप वर गेली आणि मानेबरोबर कॅमेरा गेला. एकशे बारा फोटो निघाले. त्यांपैकी एकात पद्माचं कोपर आहे आणि एकात शालीची झालर.

घरी येऊन तिने एकशे बाराही फोटो शांतपणे पाहिले. शेवटी एकच शब्द बोलली, "चक्रवाक." मी खूश होऊन म्हटलं, अगदी बरोबर, सुरखाब म्हणजेच चक्रवाक, काय ओळखलंस! (संस्कृतवाल्यांचा तो विरहाचा पक्षी. रात्र पडली की नर एका तीरावर आणि मादी दुसऱ्या तीरावर. हे तिने चौतीस वर्षं वर्गात शिकवलं, आणि मी ऐन वेळी ऑप्शनला टाकलं.) दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग भरून तुमच्याकडे निघाली. मला वाटलं, रिटायर झाली, माहेरी जाऊन येते आहे. अशा बाबतीत माझी समज किती उशिरा पोचते हे तुम्ही लग्नापासून पाहत आहात.

ती गेली आणि अंगण ओस पडलं. बुलबुल येईना, साळुंकी येईना, सातभाई तर सातही जण बेपत्ता. तेव्हा कळलं की ही मंडळी माझ्या कलेसाठी येत नव्हती, पद्माच्या उष्ट्या-खरकट्यासाठी येत होती. रोज जेवणाआधी ती भिंतीवर कावळ्याला तूपभाताचा घास ठेवायची, हेही मला तेव्हाच आठवलं. सतरा जातींत मी कावळा धरलाच नव्हता; घरच्या पक्ष्याचा कोण फोटो काढतो? म्हटलं, आता कावळाच टिपू. रोज भात शिजवायचा, घास ठेवायचा, कॅमेरा लावून बसायचं. कावळा समोर मिसिरजींच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसे, माझा भात पाही, आणि दुसरीकडे तोंड करी. (भात कधी कच्चा, कधी करपलेला. त्याची बाजूही मला समजते.) ती गेल्याच्या नवव्या दिवसापर्यंत हे चाललं. दहाव्या दिवशी मी तूप जरा सढळ सोडलं आणि तो आला. काय फोटो निघालाय, दादा! चोचीत एक शीत, आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका. मी त्याच आनंदात तो परिवाराच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "अखेर दहाव्या दिवशी कावळा शिवला!"

माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त पक्षी होता. पिंड, दहावा, क्रियाकर्म यांतलं काही मनाला शिवलंही नाही, हे मी गंगेच्या काठावर बसून लिहितो आहे. पाच मिनिटांत जोडलेले हात यायला लागले. एक्केचाळीस जणांनी हात जोडले. इतकी दाद माझ्या शिंजिरालाही मिळाली नव्हती. मग प्रेमलामावशींनी विचारलं, "पद्मा गेली?" मला वाटलं, पद्मा माहेरी गेल्याचं ह्यांना आत्ता कळलं वाटतं. मी लिहिलं, "हो, दहा दिवस झाले." त्यांनी विचारलं, "अशी अचानक?" मी लिहिलं, "सकाळीच गेली. जाताना एक शब्द बोलली नाही." त्यांनी विचारलं, "काही त्रास होता का?" आता मावशीबाईंशी खोटं कशाला बोलायचं? मी लिहिलं, "माझाच होता."

यानंतरचं तुम्हाला जास्त माहीत. अन्नपूर्णाकाकू तुमच्याकडे रडायला आल्या आणि दार पद्मानेच उघडलं, हातात मटाराची परडी घेऊन, हे मला भाची तेजश्रीने कळवलं. काकू पडल्या त्या मटारावरच पडल्या, हे तरी बरं झालं. पद्माला स्वतःच्या निधनाबद्दल सहा सांत्वनाचे फोन आले आणि तिने सहाही जणांना "बघते" एवढंच उत्तर दिलं, हेही कळलं. त्या "बघते"ची मला भीती वाटते.

माझ्या बाजूने एवढंच म्हणणं आहे की काशीत मेलेल्या माणसाला थेट मोक्ष मिळतो, मध्ये कावळ्याची शिफारस लागत नाही. त्यामुळे माझ्या वाक्याचा तसा अर्थ काढणाऱ्यांचं शास्त्रच कच्चं आहे. हा मुद्दा पद्मासमोर मांडावा की न मांडावा, ते तुम्ही तिचा चेहरा बघून ठरवा.

लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे. सध्या नसला तर नंतर जमेल तसा करावा.

तुमचा (अजून तरी) मेहुणा,
गोपीनाथ

ता. क. पद्माच्या बॅगेत कॅमेऱ्याचा चार्जर चुकून गेला आहे. तिच्या हातून चुकून काही होत नाही हे मला माहीत आहे. तरी तो कुरियरने पाठवता आला तर उपकार होतील.

आणखी ता. क. कावळा तुपामुळे आला असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. दहाव्या दिवशीही तो टाकीवरच बसून होता. घाटावर पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचे लोक मोठ्याने कबूल करतात ना, की तुझी अमुक इच्छा पुरी करू, तसं मी करून पाहिलं. म्हटलं, दोरी पुन्हा बांधतो. तो हलला नाही. मिक्सर लावू देतो म्हटलं, मागचं दार उघडतो म्हटलं. ढिम्म! मिसिरजी त्यांच्या छतावरून बघत होते, ते म्हणाले, "अरे गुरु, ई बनारस क कौवा हौ, मराठी का समझी!" म्हणून सगळी वचनं हिंदीतही दिली. तरी नाही. शेवटी थकून मी आपल्याशीच मराठीत म्हणालो, "चुकलं माझं, पद्मा. सगळे तुझ्याकडे बघत होते आणि मी वर बघत होतो." तेव्हा तो उतरला. (बोट तेव्हाही बटणावर होतं, हे लपवत नाही. म्हणून तर फोटो आहे.) हे तिला वाचून दाखवलंत तरी चालेल. दाखवाच.

शेवटचा ता. क. चार्जर पाठवू नका. तो जिच्या बॅगेत आहे तिच्याबरोबरच येऊ द्या. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकतो आहे, फार तर एक फोटो निघेल, तो मी राखून ठेवला आहे. त्या दिवशीची शाल कपाटात तशीच आहे, ती घेऊन स्टेशनवर येतो. नारळही आणतो. (समारंभातला खिचडीत गेला.) तिकीट मात्र सकाळी पोचणाऱ्या गाडीचं काढा, उजेड चांगला असतो. आणि तिला सांगा, फलाटावर छप्पर आहे, वर बघायला काही नाही.